दोष कॅसेटचा की गाण्याचा

ओझी ऑस्बोर्न, ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचा गायक, गेल्याची बातमी मला २२ जुलै २०२५ च्या रात्री फोनवर दिसली. साडेअकरा वाजून गेले असतील, बाहेर पाऊस, लाईट दोनदा जाऊन आलेली. सतराच दिवस आधी, ५ जुलैला, बर्मिंगहॅमला व्हिला पार्कवर त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला होता, उभं राहता येत नव्हतं म्हणून काळ्या सिंहासनात बसून गायला बिचारा, आणि त्या क्लिपा बघून मी बायकोला म्हटलंही होतं की म्हातारा अजून दोन-चार वर्षं आरामात काढतो बघ. नाही काढली. मग झोप काही येईना, आणि रात्री बारा वाजता मी शिडी लावून माळ्यावर चढलो.

माळ्यावर पत्र्याची पेटी आहे, बाबांचं नाव पांढऱ्या पेंटनं लिहिलेली. त्यात माझ्या ११२ कॅसेटी आणि चाळीसेक सीड्या. बहुतेक सगळं हेवी मेटल, म्हणजे जड, दणदणीत गिटारींचं रॉक. रामबागेतल्या आमच्या घरात हा प्रकार कसा शिरला त्याचं उत्तर म्हणजे पुण्याचा आतेभाऊ, मी त्याला दादा म्हणतो. १९९१ ते ९५ या काळात दर उन्हाळ्याच्या सुट्टीत तो इंदूरला यायचा तेव्हा बॅगेत दहा-बारा कॅसेटी घेऊन यायचा, स्वतः रेकॉर्ड केलेल्या, आणि बदल्यात सराफ्यातली जलेबी आणि दोन किलो सेव घेऊन जायचा. सौदा वाईट नव्हता. इथे दुकानात तेव्हा मेटल मागितलं की दुकानदार फार तर मायकल जॅक्सन काढून द्यायचा.

पेटी उघडली तर डांबरगोळ्यांचा वास आणि आत सगळ्या कॅसेटी खाकी कागदात. हे आईचं काम. झालं असं की दादानं आयर्न मेडन या बँडच्या कव्हरांच्या रंगीत झेरॉक्स आणल्या होत्या आणि त्या मेडनचा तो एडी तुम्हाला माहीत असेलच, सांगाडा, डोळे वटारलेले, केस पिंजारलेले. आई म्हणाली, संध्याकाळी दिवा लावताना हे भूत समोर दिसतं, एक तर हे घरात राहील नाहीतर मी. मग तडजोड म्हणून वह्यांना घालून उरलेल्या खाकी कागदाची कव्हरं तिनं एका रविवारी बसून सगळ्या कॅसेटींना घातली आणि वर आपल्या शाळामास्तरणीच्या अक्षरात नावं लिहिली. 'आयर्न मेडन २'. 'मेटालिका (जुने)'. 'मेघाडेथ'. खरं नाव मेगाडेथ, पण मेघाडेथ मला इतकं आवडलं की मी कधी सुधारलंच नाही.

सकाळी पेटी हॉलमध्ये बघून बायको म्हणाली, अहो, कॅसेट सुक्या कचऱ्यात जाते की ई-वेस्टमध्ये? आता आमच्या इंदुरात कचऱ्याचे सहा प्रकार करायला लागतात त्यामुळे प्रश्न तसा रास्त होता, पण तिचा आवाज काही रास्त नव्हता. मी म्हटलं थांब, आधी ऐकून बघतो. रोज संध्याकाळी एक अल्बम, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, पुढे ढकलायचं नाही, ज्या क्रमानं घरात आले त्याच क्रमानं. जो ऐकवणार नाही तो कचरागाडीत. मुलगी म्हणाली, बाबा हे सगळं स्पॉटिफायवर आहे की. आहे ना. पण माझ्या कॅसेटीवर काय आहे ते तिथे नाही, हे मला तेव्हा अंदाजानं वाटत होतं, आता पक्कं माहीत आहे.

पहिली अडचण डेक. जुना डबल कॅसेट डेक कपाटात होता, लावला तर हिरवा दिवा लागला आणि बाकी काहीच हलेना. महाराणी रोडच्या गल्लीत एक म्हातारा मेकॅनिक अजून बसतो, त्याच्याकडे स्कूटरवर पायात धरून नेला. त्यानं वरचं झाकण काढलं आणि मला बोलावून दाखवलं, "भिया, बेल्ट गया, पूरा डामर बन गया." खरंच, रबरी बेल्टचा चिकट काळा लगदा होऊन चाकांना लागलेला, बोट लावलं तर सुटेना. त्यानं तो स्पिरिटनं पुसून काढला, नवे बेल्ट घातले, पिंच रोलर घासून पुसला, हेड कानात घालायच्या कापसाच्या काडीनं साफ केलं, ती काडी तपकिरी झाली. तीस वर्षांचं मेटल त्या काडीवर.

मग एक गंमत झाली. दुकानातली त्याची एक जुनी किशोरकुमारची कॅसेट लावली तर स्वच्छ आवाज, आणि माझी दादानं भरलेली लावली तर डोक्यावर गोधडी घेऊन कोणी ओरडतंय असं. मी म्हटलं कॅसेट गेली. तो म्हणाला गेलेली नाही, ज्यानं भरली त्याच्या मशिनचं हेड तिरपं होतं. हेडच्या बाजूला एक बारकासा स्क्रू असतो, त्यानं हेडचा कोन बदलतो, आणि ज्या कोनात रेकॉर्ड केलं त्याच कोनात वाजवलं तर झांजा-बिंजा, सगळं वरचं ऐकू येतं, जरा इकडेतिकडे झालं की सगळं दबतं. मग कान लावून त्यानं तो स्क्रू पाव आटा फिरवला आणि एकदम पडदा बाजूला झाल्यासारखी झांज खणखणली. म्हणजे माझा डेक मुद्दाम वाकडा केल्याशिवाय दादाच्या कॅसेटी सरळ वाजत नव्हत्या. मेकॅनिकनं विचारलं, पुन्हा सरळ करून देऊ का? मी म्हटलं राहू दे वाकडाच. साडेतीनशे रुपये.

पहिली लावली ब्लॅक सॅबथची पहिली, म्हणजे जिच्या नावातही ब्लॅक सॅबथ आणि पहिल्या गाण्याचं नावही तेच. पाऊस, देवळातल्यासारखी लांबून घंटा, आणि मग तीन सुरांची ती रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तुकडा, एक, दोन आणि तिसरा सूर कुठेतरी चुकल्यासारखा खाली. तो चुकल्यासारखा सूर हाच सगळा मामला आहे, षड्जाबरोबर तीव्र मध्यम धरावा तसं. बाबा आतल्या खोलीत नईदुनिया वाचत होते. बाबा म्हणजे उस्ताद अमीर खाँ साहेबांचे भक्त, एक्क्याऐंशी वय, आमच्याकडे इंदूर घराण्यापलीकडे संगीत नाही असा त्यांचा ठराव झालेला आहे. मला वाटलं आता दार आपटणार. ते बाहेर आले, उभे राहिले, म्हणाले, "इतकं संथ वाजवायला धीर लागतो." आणि परत पेपर घेऊन गेले. तीस वर्षांत त्यांनी माझ्या गाण्यांबद्दल काढलेला हा पहिला बरा शब्द. नंतर मी सहज बघितलं तर तो अल्बम आला १३ फेब्रुवारी १९७० ला आणि खाँ साहेब गेले १३ फेब्रुवारी १९७४ ला. याचा काही अर्थ नाही, पण बाबांना सांगितलं तर दोन दिवस तेच घोळवत होते.

सॅबथचा तो संथ जड आवाज कुठून आला ते वाचकांतल्या मेटलवाल्यांना पाठ असेल, बाकीच्यांसाठी सांगतो. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा, बर्मिंगहॅमला पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीचा शेवटचा दिवस, मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. आणि तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा तोच हात. मग त्यानं प्लास्टिकच्या बाटलीचे तुकडे वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं लावलं, पातळ तारा घातल्या, आणि पुढे १९७१ च्या मास्टर ऑफ रिअॅलिटीपर्यंत तारा इतक्या सैल सोडल्या की सूर खालीच गेला. आपल्याकडे हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली तोवर त्या भागातली घरं भोंग्यावर चालायची, माझा एक शाळूसोबती तिथेच राहायचा, त्याचे वडील मिलमध्ये. त्याला मी एकदा सॅबथ ऐकवलं तर म्हणाला, हे तर आमच्या खात्यातलं वाटतं. बापाची नोकरी गेली होती तेव्हा त्याची. कारखान्यात बोटं गमावलेल्या माणसाची गिटार त्याला माझ्याआधी कळली.

आता मुख्य गोष्ट. मेटालिका (जुने).

ही सी-९० कॅसेट. एका बाजूला राइड द लायटनिंग, १९८४, आणि दुसऱ्या बाजूला मास्टर ऑफ पपेट्स, १९८६. दादाचा हिशेब असा की एका बाजूला एक अल्बम. पण मास्टर ऑफ पपेट्स आहे जवळपास पंचावन्न मिनिटांचा आणि सी-९० ची एक बाजू पंचेचाळीस मिनिटं, ओढूनताणून अर्धं-पाऊण मिनिट जास्त. म्हणजे टेप कुठे संपते? सातवं गाणं, ओरायन. शब्द नाहीत, नुसती वाद्यं, साडेआठ मिनिटांचं. पहिली चार मिनिटं सगळे दणकून वाजवतात, मग सगळं विरतं आणि मेटालिकाच्या क्लिफ बर्टनचा बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, एकटा हळूहळू चालायला लागतो, रात्री रिकाम्या रस्त्यानं कोणी घरी चाललंय तसा. तो जेमतेम मिनिटभर चालतो आणि खट्.

मला वाटायचं गाणं असंच आहे. १९९२ मध्ये दादानं सांगितलं होतं की हा बर्टन २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बस उलटून गेला, अल्बम आल्यावर सहा-सात महिन्यांत, चोवीस वर्षांचा. तर मी पंधरा वर्षांच्या डोक्यानं ते दोन्ही जोडून टाकलं, की तो चालत होता आणि मध्येच थांबला, वा, काय शेवट केलाय. मी हे मित्रांना ऐकवायचो. खट् झालं की दोन सेकंद कोणी बोलायचं नाही असा नियमच होता आमचा. २००१ का २००२ मध्ये एमपीथ्रीची सीडी हाती आली तेव्हा कळलं की गाणं पुढे साडेतीन मिनिटं आहे, त्याच चालीवर दोन गिटारी येतात, सोलो येतात, आणि पुढे डॅमेज इंक. नावाचं आख्खं एक गाणं आहे जे मी दहा वर्षं ऐकलंच नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला फसवल्यासारखं वाटलं, आणि कोणी फसवलं तेही सांगता येईना, टेप संपली एवढाच गुन्हा.

आत्ता ३ ऑगस्टला ती बाजू लावली. पावसाळ्यामुळे टेपवर पांढरी भुकटी बसली होती म्हणून आधी कॅसेट उघडली, पाच बारके स्क्रू, आतलं स्पंजचं छोटं पॅड सुटून पडलेलं, ते दुसऱ्या एका भंगार कॅसेटीतून काढून चिमट्यानं बसवलं, श्वास रोखून, कारण जोरात सोडला की पॅड उडतं. मग वाजवली. बेस चालायला लागला आणि माझा डावा हात आपोआप वर गेला, सगळ्यांना गप्प करायला. खोलीत कोणीच नव्हतं. खट्. मग लगेच फोनवर पूर्ण ओरायन ऐकलं आणि खरं सांगतो, पूर्ण गाणं जास्त चांगलं आहे, यात वादच नाही, त्या दोन गिटारी येतात तिथे अंगावर काटा येतो. पण तिथवर पोहोचेपर्यंत माझं अर्धं लक्ष खट् कुठे गेलं यातच.

बरं याच्या अगदी उलट प्रकरण अँड जस्टिस फॉर ऑलचं. ऑगस्ट १९८८ चा अल्बम, बर्टनच्या जागी जेसन न्यूस्टेड आला होता. ही कॅसेट मी स्वतः पैसे साठवून विकत घेतली, आणि घरी लावली तर बेस नाहीच. गिटार आहे, ड्रम टकटक वाजतायत, खाली पोकळी. बेसचं बटण पूर्ण फिरवलं, स्पीकरला कान लावला, वायरी बदलल्या. मग डेक उचलून तेव्हाच्या मेकॅनिककडे नेला की याचा बेस गेलाय. त्यानं दोन दिवस ठेवून घेतला, उघडला, बंद केला, पस्तीस रुपये घेतले, सांगितलं आता ठीक आहे. घरी आणला, बेस नाहीच. पुन्हा नेला. दुसऱ्यांदा तो वैतागला. किती वर्षांनी वाचलं की त्या अल्बमचं मिक्सिंगच तसं आहे, न्यूस्टेडचा बेस इतका दाबलाय की ऐकूच येत नाही, आणि जगभर लोक त्याबद्दल अजून चिडलेले आहेत. म्हणजे जिथे दोष माझ्या टेपचा होता तिथे मी गाण्याचं कौतुक करत होतो आणि जिथे दोष गाण्याचा होता तिथे माझा डेक बिचारा मार खात होता. हे कळल्यावर पुढची प्रत्येक कॅसेट मी जरा संशयानंच लावायला लागलो.

स्लेअरचं रेन इन ब्लड मामानं १९९६ मध्ये अमेरिकेहून आणलं होतं, मी चिठ्ठीवर नाव लिहून दिलं होतं म्हणून. पहिली बाजू ऐकली, उलटी केली, परत तेच पहिलं गाणं. शेवटपर्यंत तेच. मी मामाला म्हटलं, मामा, डिफेक्टिव्ह पीस आहे, दोन्ही बाजूंना एकच भरलंय. मामा इतका खट्टू झाला, म्हणाला तिकडेही फसवतात होय! तर तो अल्बम आहेच एकोणतीस मिनिटांचा, दहा गाणी, एका बाजूत सगळा बसला म्हणून दुसऱ्या बाजूलाही तोच भरून टाकला, उलटी करा आणि पुन्हा ऐका. मामाला हे सांगायचं राहूनच गेलं होतं, या वेळी फोन करून सांगितलं. त्याला कॅसेट आठवत नव्हती, सूटकेसचं वजन आठवत होतं. रेन इन ब्लड आजही एका दमात ऐकवतं, उलटी करायची मात्र ताकद राहिली नाही.

आणि ब्लिझर्ड ऑफ ऑझ, जिच्यामुळे खरं तर हे सगळं सुरू झालं. १९८० चा, सॅबथमधून काढून टाकल्यावर ओझीचा स्वतःचा पहिला. हा माझ्याकडे दोनदा आहे, दादाची कॅसेट आणि २००३ मध्ये घेतलेली सीडी. सीडी घेतली तेव्हा मला काहीतरी खटकलं होतं, गाणी तीच, रँडी र्‍होड्सची गिटार तीच, पण खालून चालणारं काहीतरी वेगळं, जसं आपल्या घरात कोणी फर्निचर इंचभर सरकवून ठेवावं. तेव्हा म्हटलं आपलेच कान बदलले, आठवण दगा देते. या वेळी एका बाजूला डेक आणि एका बाजूला लॅपटॉपवर सीडी असं क्रेझी ट्रेन तुकड्यातुकड्यानं ऐकलं. ड्रमचे घाव वेगळे. बेस वेगळा. आणि कानाचा दोष नव्हताच! मूळ अल्बमवर बॉब डेझली बेसवर आणि ली कर्सलेक ड्रमवर, त्यांचा आणि ओझीच्या मंडळींचा श्रेयावरून आणि रॉयल्टीवरून वर्षानुवर्षं वाद, कोर्टकचेरी, आणि २००२ मध्ये सीडी नव्यानं काढली तेव्हा त्या दोघांचं वाजवणं पुसून त्या जागी रॉबर्ट ट्रुहिलो आणि माइक बॉर्डिनकडून नवीन वाजवून घेतलं. २०११ मध्ये पुन्हा मूळचं परत आणलं. म्हणजे माझी सीडी त्या मधल्या काळातली. कॅसेटवर हिस्स आवाज आहे, एका जागी टेप चुरगळल्यामुळे आवाज डावीकडून उजवीकडे डुलतो, पण माणसं तीच आहेत ज्यांनी र्‍होड्सबरोबर एका खोलीत ती गाणी बसवली. र्‍होड्स १९ मार्च १९८२ ला विमान अपघातात गेला, पंचवीस वर्षांचा. ती सीडी मी ई-वेस्टवाल्या डब्याशेजारी ठेवली, मग परत आत आणली, मग परत ठेवली. अजून तिथेच आहे.

बाकीच्यांचं पटकन सांगतो. मॅनोवर ऐकवत नाही हो आता, तलवारी आणि गर्जना आणि आम्हीच खरे धातूचे राजे, पंधराव्या वर्षी ठीक होतं, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुलगी दारात उभी राहून बघते तेव्हा आवाज कमी करावा लागतो. जुडास प्रीस्टचं ब्रिटिश स्टील उलट आणखी चांगलं वाटलं, त्यातल्या मेटल गॉड्समध्ये जे लोखंडी पावलांचं संचलन ऐकू येतं ते म्हणजे काटे-चमच्यांचे ट्रे हलवून केलेला आवाज आहे हे कळल्यापासून स्वयंपाकघरात भांडी पडली की मला ते गाणं आठवतं. मेघाडेथचं रस्ट इन पीस, १९९०, एकही गाणं कमी-जास्त नाही, शाबूत. मेटालिकाचं सेंट अँगर २००३ मध्ये आवडलं नव्हतं, म्हटलं आता वय झालंय, संधी देऊ. नाही. तो स्नेअर ड्रम, खालची जाळी सैल सोडलेली, सव्वा तास तेलाचा रिकामा डबा वाजतोय. वेळ गेला तो गेलाच.

मेडनचं पॉवरस्लेव्ह संपवायला मला दोन संध्याकाळी लागल्या कारण शेवटचं कोलरिजच्या कवितेवरचं पावणेचौदा मिनिटांचं गाणं चालू असताना बायकोची भिशी आली. १७ मार्च २००७ ला मेडन बंगलोरला पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले आणि मी इंदुरात मार्च एंडिंगची व्हाउचरं टिचत होतो. हे मी कुणाला सहसा सांगत नाही.

दरम्यान मुलीला या प्रकारात रस यायला लागला होता, गाण्यांत नाही, मशिनरीत. ती इंजिनियरिंगला आहे. तिनं डेकमधून वायर काढून लॅपटॉपला जोडली आणि ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरवर एकेक कॅसेट भरून घ्यायला लागली. स्क्रीनवर आवाजाची नक्षी दिसते ना, त्यात १९८६ चं मेटालिका म्हणजे डोंगर-दऱ्या, कुठे उंच कुठे खोल, आणि गंमत म्हणून २००८ च्या डेथ मॅग्नेटिकची सीडी टाकली तर सरळ वीटकाम, वरखाली काही नाही, सगळं माथ्याला टेकलेलं. ती म्हणाली, बाबा, हे क्लिप झालंय, फाईल खराब आहे. मी म्हटलं बेटा, फाईल खराब नाही, तो अल्बमच तसा विकला त्यांनी, सगळंच इतकं जोरात केलं की आवाज फाटला. तिला पटेना, तिनं दुसरीकडून डाउनलोड करून बघितलं. तेच. मला एकदम बरं वाटलं, माझ्या पस्तीस रुपयांचा वारस मिळाला.

आता राहिली 'आयर्न मेडन २'. हिचीच मला धास्ती होती.

त्यात होतं द नंबर ऑफ द बीस्ट, १९८२, गायक ब्रूस डिकिन्सनचा मेडनबरोबरचा पहिला अल्बम. होतं म्हणतो कारण दुसऱ्या बाजूचं काय झालं ते ऐका. १९९४ मध्ये ताई लग्न होऊन शारजाला निघाली. आईच्या डोक्यात आलं की तिकडे गणपतीत आरती कोण म्हणणार, तर घरची आरती भरून द्यावी. गणपतीच्या दिवशी तिनं घाईत पेटीतून एक कॅसेट उचलली, आता सगळ्यांना तिनंच खाकी कव्हरं घातलेली, सगळ्या सारख्याच दिसणार ना, आणि मी वरच्या खिट्ट्या मोडल्या नव्हत्या, त्या मोडल्या की कॅसेटवर नवीन काही भरता येत नाही. लावली, लाल बटण दाबलं. सुखकर्ता, लवथवती, दुर्गे दुर्घट, येई हो विठ्ठले, घालीन लोटांगण, मंत्रपुष्पांजली. बाबांचा आवाज सगळ्यात पुढे आणि आम्ही पोरं लय पळवतोय. साडेबारा मिनिटं. तेवढ्यात त्या बाजूची पहिली तीन गाणी पुसली गेली, शीर्षकगीतासकट. मी आठ दिवस जेवायला पाटावर बसलो नाही, ताट घेऊन गॅलरीत.

पण साडेबारा मिनिटं म्हणजे बरोब्बर तीन गाणी. चौथं जे उरलं ते हॅलोड बी दाय नेम, फाशीच्या पहाटे कोठडीत बसलेल्या माणसाचं गाणं, आणि ते सुरू कसं होतं? घंटेनं. टोल पडतायत आणि मागे हळू गिटार. म्हणजे कॅसेटवर मंत्रपुष्पांजली संपते, आईचं बटण खट्, आणि टण्ण. टण्ण. आईनं परत ऐकलं तेव्हा तिला वाटलं ही आपल्याच पूजेतली घंटा, छान आलीये. ती कॅसेट शारजाला गेलीच नाही, ताईच्या सासूबाईंनी म्हणे आधीच सोय केली होती, मग ती घरीच राहिली आणि पुढे बरीच वर्षं आमच्याकडे गणपतीत तीच लागायची. आई स्टॉपशी उभी राहायची. एका वर्षी तिला फोन आला आणि कोणी बंद केलं नाही, तेव्हा शेजारच्या काकू प्रसादाची वाटी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या होत्या.

२०२५ मध्ये गणपती २७ ऑगस्टला होते. आदल्या आठवड्यात मुलीनं ती बाजू भरून घेतली, स्क्रीनवर दाखवलं की हे बघा, इथे आरती संपते, इथून पुढे ते गाणं, कापते. आई मागे खुर्चीत वाती वळत बसली होती.

"घंटा ठेव गं," आई म्हणाली. "घंटेशिवाय कसली आरती."

"आजी, ती घंटा आपली नाहीये, त्या गाण्यातली आहे."

"माहितीये मला. मी काय बहिरी आहे? मागे कोणीतरी सतारीसारखं वाजवतंय, तेही राहू दे. तो माणूस तोंड उघडायच्या आधी बंद करायचं, एवढंच."

म्हणजे आईला माहीत होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

मुलीनं डिकिन्सनच्या पहिल्या शब्दाच्या अलीकडे कापलं, आवाज हळूहळू उतरवला, फाईलला नाव दिलं 'आरती घंटेसकट'. २७ ला संध्याकाळी स्पीकरवर लावली. आम्ही वरून म्हणत होतो, एकतीस वर्षांपूर्वीचे पन्नाशीचे बाबा स्पीकरमधून आणि एक्क्याऐंशीचे बाबा समोर, दोघंही एकाच जागी सूर सोडत होते. मंत्रपुष्पांजली झाली, टोल पडले, आवाज विरला. सगळे प्रसादाकडे वळले. बाबा तसेच हात जोडून उभे.

"का रे, कापलंत की काय पुढचं?" ते म्हणाले. "पुढे तो चांगला चढतो."